मोतीराम दलालाचा हात

रविवार कारंजाजवळ माझं घड्याळांचं दुकान होतं, आणि इतक्या वर्षांत मला भावात दरवेळी हरवणारं गिऱ्हाईक एकच भेटलं, मोतीराम दलाल. त्याच्या तोंडावर काही दिसायचंच नाही. घड्याळ आवडलं की नाही, महाग वाटलं की स्वस्त, काही पत्ता लागायचा नाही. तो नुसता बघत बसायचा आणि मीच घाबरून दहा रुपये उतरायचो. मग आणखी पाच. शेवटी तो "बरं" म्हणायचा, आणि तो गेल्यावर मी स्वतःला शिव्या घालायचो.

त्याचा धंदाच तसा होता. राहायला मखमलाबादला, पण आठवडाभर घोटी, सिन्नर असा बैलबाजारांतून फिरायचा. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, मधे हा. भाव तोंडानं बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं धरून सांगायचा, अशी तिथली रीत. एक बोट म्हणजे एक, पाची म्हणजे पाच. शेकड्यात की हजारात, ते आधी ठरलेलं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव तिघांनाच ठाऊक. आता रुमालाखालचं दलालाच्या तोंडावर वाचता आलं तर त्याचं पोट कसं भरायचं? घोटीला एकदा सौदा चालू असताना बैलानं त्याच्या पायावर खूर ठेवला. सौदा पुरा झाला, दोन्हीकडच्यांनी पान खाल्लं, आणि मग मोतीराम म्हणाला, "आता ह्याला जरा सरकवा." अंगठ्याचं नख गेलं ते गेलंच.

बाजारात हे शोभून दिसतं. घरात अशा माणसाशी संसार करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्याची बायको मैनावहिनी महिन्या-दोन महिन्यांनी शहरात यायची, तेव्हा दुकानात टेकायची आणि गाऱ्हाणी सांगायची. बाई मोठी गमतीची. एकदा म्हणाली, "अवो गोरखशेट, तीस वर्सं झाली, ह्यांना भरीत आवडतं का मेथी, मला ठावं नाय. एकदा दोन्ही केलं. म्हनलं, जे आधी सरंल ते आवडतं. तर मेल्यानं एक घास ह्याचा, एक घास त्याचा, दोन्ही बरोबर संपवलं!"

मी पोट धरून हसलो. ती पण हसली, पण मग साडीच्या पदराशी चाळा करू लागली. दिंडोरीला तिच्या माहेरी मोतीराम तिला बघायला आला होता, ती गोष्ट तिनं त्या दिवशी सांगितली. पोहे खाल्ले, पाणी प्यायला, तिच्याकडे एकदा पाहिलं, न पाहिल्यासारखं, आणि उठून गेला. तिचे वडील म्हणाले, पोरानं नापसंत केली. आई रडली. आठ दिवसांनी होकार आला, तो मोतीरामच्या वडिलांकडून. तेव्हापासून हिच्या मनात बसलेलं, की बापानं दटावलं म्हणून ह्यानं माळ घातली.

"वाईट नाय वागले कधी," ती म्हणाली. "हात उगारला नाय, काय कमी केलं नाय. पर मी आवडले व्हते का नाय, येवढं मरायच्या आधी कळावं. दुसरं काय नको मला."

तिनं दुरुस्तीला आणलेलं घरचं भिंतीवरचं घड्याळ मी साफ करून, किल्ली देऊन हातात दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

आता चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. दुबईला नळकाम करणारा एक ओळखीचा माणूस सुट्टीवर आला आणि माझ्या गळ्यात एक वस्तू मारून गेला. साबणाच्या वडीएवढी चपटी पेटी, मधे काच, दोन्ही बाजूंना एकेक बटण. काचेत एक झाड, झाडावर माकड, खाली टोपलीवाला माणूस. माकड फळं टाकतं, माणसाला डावी-उजवीकडे पळवून ती टोपलीत झेलायची. तीन फळं निसटली की डाव संपला, माणूस डोक्याला हात लावतो आणि माकड दात काढतं. खेळत नसाल तेव्हा काचेत वेळ दिसायची, म्हणून तो ती घड्याळवाल्याकडे घेऊन आला होता. मी सव्वादोनशे मोजले आणि त्या रात्री बायकोची बोलणी खाल्ली.

खरा घोळ पुढे झाला. याचा भाव काय सांगायचा? घड्याळ म्हणून दाखवलं तर लोक म्हणत, मनगटावर बांधता येत नाही, शंभराच्या वर कशाला द्यायचे? खेळणं म्हणून दाखवलं तर म्हणत, खेळणं पंधरा रुपयांना मिळतं. मी साडेतीनशेची चिठ्ठी लावली. एका बँकेतल्या कारकुनानं विचारलं, यावर बेरीज होते का? एका मास्तरांनी विचारलं, याचा उपयोग काय? मी म्हटलं, काही नाही. तर ते मला उपदेश करून गेले, आणि जाण्याआधी चार डाव फुकट खेळून गेले! सगळ्या कारंजानं त्या माकडाला बोटं लावली, पाकिटाला कुणी हात लावला नाही.

अशात एका दुपारी मोतीराम आणि मैनावहिनी दोघं आली. भिंतीवरचं घड्याळ परत मागे पडत होतं. मी ते उघडून बसलो, तेवढ्यात मोतीरामची नजर काउंटरवर गेली.

"ह्ये काय जनावर हाय?"

मी सांगितलं. त्यानं पेटी तळहातावर घेऊन वजन पाहिलं, पालथी केली, कडेवरून अंगठा फिरवला. बैलाची पाठ बघावी तशी बघत होता.

"खातं काय?"

"दोन सेल. बटणाएवढे. तीन-चार महिने पुरतात."

"कामाचं काय करतं?"

"काही नाही."

"किंमत?"

"साडेतीनशे."

"साडेतीनशात शेळी येती, गोरखशेट. ती दूध देती."

त्याचं तोंड नेहमीसारखं, कोरं. मी मनात म्हटलं, झालं, आज मी हा डबा दोनशेला देऊन बसणार. तरी त्याला बटणं दाखवली. पहिला डाव दहा फळांत संपला, दुसरा पंधरात. तिसऱ्याला त्यानं टोपी काढून काउंटरवर ठेवली. चौथ्याला तो स्टुलावर बसला. पेटीची टिकटिक वाढत चालली, माकडाला चेव आला आणि मोतीरामचे दोन्ही अंगठे असे नाचायला लागले की मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. शेजारचा कापडवाला येऊन उभा राहिला. रस्त्यानं चाललेले दोघे आत आले. शंभर झाले. दीडशे झाले. एक निसटलं, दुसरं निसटलं. एकशे नव्वदावर तिसरं फळ टोपलीच्या काठावरून गेलं आणि माकडानं दात काढले.

आणि मोतीराम हसला.

नुसता हसला नाही. खदखदून, मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आरं माकडा! मला फसवतो का रं? मला?" मी त्या माणसाला वीस वर्षं ओळखत होतो, पण त्याला पुढचा एक दात नाही हे मला त्या दिवशी कळलं. कापडवाला हसला, मी हसलो, दुकानभर हसू झालं. एकटी मैनावहिनी हसली नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

माझ्यातला बनिया मात्र जागा झाला. गिऱ्हाईक वस्तूवर भाळलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं, मग सोडतो का? मघाशी सांगितलेला भाव विसरल्यासारखं केलं, चिठ्ठी हळूच खिशात घातली आणि म्हणालो, "मोतीरामभाऊ, बोला. तुमच्याच रीतीनं होऊ द्या."

त्यानं तोंड पुन्हा कोरं केलं, पण आता उशीर झाला होता. खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं काउंटरवर पसरला. "शेकड्यात," तो म्हणाला. मी खाली हात घातला आणि त्याची चार बोटं धरली.

त्याचा हात थरथरत होता.

आधी मला वाटलं, खेळून दमला असेल. पण नाही. शाळेत पहिल्यांदा उभ्या केलेल्या पोरासारखा हात कापत होता, आणि वर तोंड मात्र दगडाचं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा जन्मभर दुसऱ्यांच्या बैलांचे सौदे करत आला. स्वतःला हवंसं वाटलेलं काही घ्यायला यानं रुमालाखाली हात कधी घातलाच नव्हता.

माझी जीभ आवरत नाही, हा माझा जुना रोग. मी मोठ्यानं बोलून गेलो, "अहो, तुमचा हात कापतोय की!"

मैनावहिनी पुढे झाली. "खरं?" तिनं मला विचारलं, त्याला नाही. मी मान हलवली. मग ती नवऱ्याकडे वळली आणि तिचा आवाज चढला. "माकडासाठी हसता, माकडासाठी हात कापतो. तीस वर्सं तुमच्या चुलीपुढं बसले मी, माझ्यासाठी कधी तोंडाची सुरकुती हलली का? बापानं सांगितलं म्हनून केलंत ना? आज सांगा. चार मान्सं हायेत, खोटं बोलाल तर तोंडघशी पडाल."

कापडवाल्याला एकाएकी गिऱ्हाईक आठवलं. ते दोघे अनोळखी मात्र हलले नाहीत. मोतीरामनं ती पेटी हातानं बाजूला सारली.

"बापानं नाय सांगितलं," तो म्हणाला. "मीच आठ दिस त्यांच्या मागं लागलो व्हतो. बाप दुसरीकडं बघत व्हता."

"मंग तोंड असं का केलं व्हतं? माझी आई रडली!"

"धंद्याची सवय. आवडलं ते तोंडावर दावायचं नाय, न्हाईतर हातचं सुटतं." मग खाली मान घालून पुढं म्हणाला, "त्या दिशी पोह्याची बशी मी मांडीवर ठेवली व्हती. का? हातात धरवत नव्हती. तुझ्या बानं माझा हात धरला आसता तर त्याला समदं कळलं आसतं, मैने."

मैनावहिनीला बशी आठवली असावी. तिचा चेहरा बघता बघता असा उजळला, की पन्नाशीची बाई मला पोह्यांचं तबक घेऊन आलेल्या पोरीसारखी दिसली. मला फार आनंद झाला, उगाच कशाला लपवू? डोळे पुसायला मी भिंगाचं निमित्त केलं.

"किती म्हनलात, गोरखशेट?" तिनं विचारलं.

"चारशे," मी म्हटलं, आणि लगेच लाज वाटून, "साडेतीनशे. चिठ्ठी खिशात आहे."

"द्या त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "शेळीचं काय घेऊन बसलात?"

मी पेटी कागदात बांधायला पाठ फिरवली. वळून बघतो तर रुमाल अजून काउंटरवर पसरलेला, त्याच्या एका बाजूनं मोतीरामचं मनगट आत गेलेलं आणि दुसऱ्या बाजूनं हिरव्या बांगड्यांचं. मोतीरामचं तोंड कोरं. वहिनी खाली बघत हसत होती. मी कागदाला दोन दोऱ्या जास्तीच्या गुंडाळल्या.

तीन-चार महिने चालणारे सेल सहा आठवड्यांत संपले. नवे घ्यायला मैनावहिनी एकटी आली. मखमलाबादला माकडाचं चांगलंच बस्तान बसलं होतं. संध्याकाळी ह्याचा एक डाव, तिचा एक डाव, आणि तिचे सर्वांत जास्त दोनशे चाळीस, त्याच्याहून जास्त. त्याला भरीत आवडतं, हेही कळलं होतं. मेथी तो तीस वर्षं नुसती गिळत होता.

मी सेल बसवता बसवता विचारलं, "वहिनी, एक सांगा. त्या दिवशी रुमालाखाली भाऊंनी तुमचा भाव किती लावला?"

"तुम्हाला कशाला वो चौकशा?" ती म्हणाली. पेटी पिशवीत घालून दारापर्यंत गेली, मग तिथूनच वळली.

"पाची बोटं धरली, आनि सोडलीच नाय. भाव कसा कळायचा?"