मान न उचलणारं हरीण

फोन आला तेव्हा मी ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात, मीटिंगमध्ये होते. दुपारचे साडेबारा वाजले असतील. स्क्रीनवर नीवचं नाव होतं. नीव ही माझ्या मैत्रिणीची, प्रज्ञाची, पीएचडीची गाइड. ती मला कधी फोन करत नसे, म्हणून मी बाहेर येऊन घेतला. "प्रज्ञा हॅज बीन शॉट," ती म्हणाली, आणि मला ते कळलंच नाही. मला वाटलं इंजेक्शनबद्दल बोलतेय, फ्लूची लस वगैरे... "कसला शॉट?" मी विचारलं. मग तेच वाक्य तिने एकेक शब्द सुटा करून सांगितलं. विकलोच्या डोंगरात, रानाच्या कडेला, एका शिकाऱ्याच्या रायफलची गोळी लागली होती. हेलिकॉप्टरने ब्युमॉन्ट हॉस्पिटलला नेत होते. तू लगेच निघ, ती म्हणाली.

दोन दिवसांनी प्रज्ञा गेली. एकतिसावं सरलं नव्हतं. आज सात आठवडे झाले, आणि अजून भारतातून फोन येतात. आयर्लंडमध्ये गोळी? काही भांडण होतं का? कुणी मुद्दाम मारलं का? तसं काहीही नव्हतं. एका माणसाला हरीण दिसलं आणि त्याने गोळी झाडली, एवढंच झालं होतं. पण ते हरीण खरं नव्हतं, प्रज्ञाने स्वतःच्या हातांनी केलेलं होतं. हे सगळं फोनवर सांगता येत नाही म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही मेनूथला एका घरात साडेतीन वर्षं राहिलो. मी पुण्याहून मास्टर्सला आले आणि नोकरी लागल्यावर इथेच राहिले. ती चंद्रपूरची. वडील वनखात्यात वनरक्षक होते, आता निवृत्त. आई ती शाळेत असतानाच गेलेली. माझ्याशी ती पुस्तकातल्यासारखं नीट मराठी बोलायची, आणि वडिलांचा फोन आला की एकदम "काहून बाप्पा, जेवले का?" असं सुरू व्हायचं. राहायला आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "हॉलमध्ये एक हरीण ठेवलं तर चालेल का तुला?" मी हसले. शनिवारी खरोखरच हरीण आलं. महिन्याभरात दुसरं आलं. फोमची, रंगवलेली, अगदी खऱ्या मापाची दोन हरणं सोफ्याच्या मागे उभी राहिली. एकाची मान खाली, चरताना असते तशी. दुसऱ्याची मान वर, कान टवकारलेले. पहिलीला ती भुकेली म्हणायची आणि दुसरीला शहाणी. आमच्याकडे जेवायला आलेली मंडळी शहाणीच्या पाठीवर कोट टाकायची, आणि प्रज्ञा न बोलता तो उचलून खुंटीला लावायची. कोटाला माणसाचा वास असतो, तो पुतळ्याला लागला की रानातलं हरीण जवळ येत नाही, असं तिने मला मागाहून सांगितलं.

तिचं काम ऐकायला साधं होतं. इथे नवीन लावलेली रोपं हरणं खाऊन टाकतात, आणि त्यावर लोकांकडे एकच उपाय असतो, रायफल. प्रज्ञाला बघायचं होतं की रानाच्या कडेला एखादं हरीण मान वर करून सावध उभं दिसलं तर बाकीची तिकडे यायचं टाळतात का, आणि चरणारं दिसलं तर निर्धास्त येतात का. रोपांजवळ शहाणी, लांबच्या गवतात भुकेली, आणि दोन्हीकडे झाडाला बांधलेले कॅमेरे. हे जमलं तर दर वर्षी थोडी तरी जनावरं मारावी लागणार नाहीत, असं ती म्हणायची. मोठ्या गप्पा तिने कधी मारल्या नाहीत. थोडी तरी, एवढंच.

अडचण मोसमाची होती. शरद संपत आला की इथे हरणांची शिकार सुरू होते ती पार हिवाळा सरेपर्यंत चालते. परवाना घेतलेली, नेम धरायला शिकलेली माणसं डोंगरात असतात, आणि अशा दिवसांत रानात हुबेहूब हरीण उभं करायचं म्हणजे काय, हे प्रज्ञाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मी तिच्याबरोबर चार-पाचदा गेले असेन. गाडीतून उतरायच्या आधी ती मला भडक नारिंगी जॅकेट घालायला लावायची. पुतळा अख्खा कधी उचलायचा नाही. डोकं काढून नारिंगी पिशवीत, धड नारिंगी कापडात गुंडाळून, मगच खांद्यावर. पुतळ्याच्या मागे मातीचा उंच बांध हवा, कारण फोम गोळी अडवत नाही. पुतळ्याच्या पुढे किंवा मागे कधी बसायचं नाही, बाजूला, जाड खोडाला पाठ लावून बसायचं. माणूस दिसला तर हात हलवायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं. एकदा मला सर्दी झाली होती. चालता चालता मी खिशातून पांढरा रुमाल काढला, तर तिने माझं मनगट धरून तो हिसकावूनच घेतला. "इथल्या हरणाचा मागचा भाग पांढरा असतो," ती म्हणाली. "लांबून झुडपात पांढरं हललं की लोकांना तेच दिसतं." तिचा चेहरा इतका कडक झालेला मी तोवर पाहिला नव्हता. पुढे तासभर मी बाहीने नाक पुसत होते.

नीवने तिला मोसमात काम थांबवायला सांगितलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. प्रज्ञाचं म्हणणं, गोळ्यांचे आवाज येत असतात तेव्हाच हरणं सर्वांत सावध असतात, मग तेवढाच काळ सोडून मोजलेल्याला अर्थ काय? शेवटी रानमालकाची लेखी परवानगी, दोन्ही फाटकांवर फलक, आणि दर वेळी दोन माणसं, एवढ्या अटींवर नीव तयार झाली. त्या दुसऱ्या माणसाच्या जागी बहुतेक वेळा मी असायचे.

त्या आठवड्यात वादळ होऊन गेलं होतं. भुकेली उलटून पडली, खालची जमीन भिजून खचली, म्हणून प्रज्ञाने ती तीसेक पावलं वर नेऊन उभी केली होती. घरी आल्यापासून ती अस्वस्थ होती. "नवी जागा बरोबर नाहीये," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "मागे बांध नाही, खोलगट आहे. मी घाईत ठेवून आले. दोन्ही काढूनच आणते. उद्या येशील?" दुसऱ्या दिवशी माझ्या टीमचं सॉफ्टवेअर रिलीज होतं. मी म्हटलं, शनिवारी जाऊ. ती म्हणाली, शनिवारी डोंगरात जास्त लोक असतात. मग मी म्हटलं, "नुसतं उचलून तर आणायचं आहे. जाऊन ये ना, ग्रँड होईल सगळं." इथे राहून हा शब्द तोंडात बसला आहे, कशालाही म्हणतो आम्ही. तिने पोळी उलटली.

पुढचं मला गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, नीवने आणि नंतर त्या माणसाने सांगितलं, त्यावरून जुळवलेलं आहे. सकाळी डोंगरात धुकं होतं. प्रज्ञाने गाडी खालच्या फाटकापाशी लावली आणि नारिंगी जॅकेट घालून खालच्या बाजूने चढू लागली. शेजारच्या रानात नुकतीच झाडं तोडली होती, त्यातून वर एक नवी मोकळी वाट झाली होती, आणि त्या वाटेवर फलक नव्हता. तो माणूस तिकडून आला. त्याच्याकडे परवाना होता, शिकारीची परवानगीही होती. पुतळ्यांबद्दल त्याला कुणी सांगितलं होतं की नव्हतं, याची चौकशी अजून चालू आहे. त्याला समोर चरणारं हरीण दिसलं आणि त्याच्या मागे करडा डोंगर दिसला. तो डोंगर नव्हता, धुकं होतं, आणि त्या धुक्याखालच्या खोलगटातून प्रज्ञा वर येत होती. गोळी फोममधून आरपार गेली... तो हरणाकडे चालत गेला, तेव्हा त्याला ती दिसली.

ब्युमॉन्टला मला तिच्याजवळ बसू दिलं. डोक्याची बाजू बांधलेली होती, हात मात्र अगदी तिचे होते, नखांत पुतळ्याचा तपकिरी रंग अडकलेला. बोलणं शक्यच नव्हतं. काकांना, म्हणजे तिच्या वडिलांना, फोन मीच केला. दोन दिवसांत मी त्यांना चार वेळा फोन केला आणि चौथ्या वेळी मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "झालं काय?" मी हो म्हटलं. व्हिसा मिळून ते आले तेव्हा नववा दिवस होता. कागदपत्रांमुळे प्रज्ञा तोवर शवागारातच होती. विमानतळावर त्यांच्या हातात एक छोटी बॅग होती आणि अंगात बंद गळ्याचा पातळ स्वेटर. गाडीत बसल्यावर बराच वेळ ते रस्त्याकडे बघत होते. मग विचारलं, "एकलीच गेली होती का?"

"हो काका," मी म्हटलं. "मी जायला हवं होतं. तिने मला विचारलं होतं."

ते माझ्याकडे वळले नाहीत. रस्त्याकडे बघतच म्हणाले, "मी बी त तिले एवढ्या दूर एकलीच धाडली." त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. बोलले असते, रागावले असते, तर बरं झालं असतं.

त्या माणसाने नीवकडून निरोप पाठवला की वडिलांना भेटायचं आहे. त्याच्या वकिलाने नको म्हटलं होतं. काका लगेच हो म्हणाले. नीवच्या विद्यापीठातल्या खोलीत आम्ही चौघं बसलो. तो पंचेचाळिशीचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. स्वच्छ शर्ट घालून आला होता आणि बोटांच्या रेघांत तेलाचा काळेपणा होता. त्याने माफी मागितली. मी ती मराठीत सांगितली. तीस वर्षं जंगलात चाललेला माणूस विचारतो तसं काकांनी विचारलं, "विचार त्याले, किती वेळ पाहत होता?"

"एक मिनिट. जास्तच," तो म्हणाला. "ते चरत होतं. एकदाही मान उचलली नाही."

"कान हलला का? शेपूट हलली? जितं जनावर एवढा वेळ असं नाही राहत. विचार त्याले, हे नाही दिसलं का त्याले?"

मी विचारलं. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "दिसलं," तो म्हणाला. "मला वाटलं, आज माझं नशीब चांगलं आहे."

हे वाक्य मी मराठीत सांगितलं. काकांनी मान हलवली, जणू त्यांना हे आधीच ठाऊक होतं. मग त्यांनी विचारलं, माझी पोर काही बोलली का? तो म्हणाला, "हो. मी रुमाल दाबून धरला होता, फोन केला होता. ती शुद्धीवर होती, थोडा वेळ. मला म्हणाली, वर अजून एक आहे, ते आडवं पाड. मला काही कळेना, मला वाटलं भ्रमात बोलतेय. ती तीनदा म्हणाली. हेलिकॉप्टर गेल्यावर मी वर गेलो. रोपांपाशी मान वर केलेलं एक हरीण होतं. मी ते आडवं केलं आणि माझं जॅकेट त्याच्यावर टाकलं."

मी सगळं सांगितलं. नीव खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. मग काका त्या माणसाला, सरळ त्यालाच, मराठीत म्हणाले, "ते बरं केलं." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. तो उठला, काय करावं ते न सुचून जरा उभा राहिला आणि दार उघडून गेला. काकांनी त्याला हात दिला नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. माफ केलं का, हे मी त्यांना विचारलं नाही. केलं नसावं.

दहन इथेच झालं. अस्थी घेऊन ते परत गेले. जायच्या आधी सहा दिवस ते प्रज्ञाच्या खोलीत राहिले. पलंगावर न झोपता खाली सतरंजी घालून झोपत. खोली अजून तशीच आहे. घरमालक मार्चपर्यंत थांबायला तयार आहे.

स्वयंपाकघरात, चहा-साखरेच्या प्रेसच्या दारावर, प्रेस म्हणजे इथल्या बोलीत कपाट, तिची त्या दिवशीची चिठ्ठी आहे. बाहेर पडताना कुठे जाते आणि कधी येते हे लिहून ठेवायची सवय तिला वडिलांकडून आली होती. जंगलात जाणाऱ्याने घरी सांगून जावं, असं ते म्हणत. मेसेज चालायचा नाही तिला, डोंगरात मोबाइलचा भरवसा नसतो म्हणून. चिठ्ठीत लिहिलं आहे: "वरच्या रानात. दोन्ही आणते. चारपर्यंत घरी. सहापर्यंत फोन नाही आला तर नीवला सांग. मेथी फ्रिजमध्ये आहे." मी त्या दिवशी तिच्या आधी निघाले होते. ही चिठ्ठी मी वाचली ती ब्युमॉन्टहून परत आल्यावर, तिसऱ्या दिवशी.

हल्ली मीही लिहिते. ऑफिसला, दुकानात, कुठेही निघताना, जुन्या पाकिटाच्या मागे दोन ओळी, आणि प्रेसच्या दारावर तिच्या चिठ्ठीशेजारी लावते. साडेसहाच्या ट्रेनने येते. सव्वासातला घरी. आणि आल्यावर, दिवा लावून, आपणच लिहिलेलं उभ्याने वाचते, आणि कागद खाली काढून ठेवते.