अप्पांचं दुखणं मी टाइप केलं

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, गुलमंडीच्या बाजारातल्या एका कापड दुकानात काउंटरला उभे असायचे. दिवसभर तागे काढायचे, उलगडायचे, परत गुंडाळायचे. त्यांची कंबर दुखते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नळाला रोज पाणी येत नाही हे माहीत असतं तसं. त्यावर वेगळं कुणी काही बोलायचं नाही.

लॉकडाऊन लागला आणि दुकान बंद झालं. आई म्हणाली, "चला, कंबरेला आराम तरी मिळेल." झालं उलटंच. घरात बसून कळ वाढली, डाव्या पायात उतरायला लागली. खुर्चीतून उठताना अप्पांना भिंत धरावी लागायची. नेहमीच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला होता आणि मोठ्या दवाखान्यात कोरोनाचे पेशंट, तिकडं जायची आमची हिंमत नव्हती.

"काम नाही की धाम नाही, तरी दुखतंय कसं?" आई विचारायची. मलाही ते कोडंच होतं.

मी तेव्हा ऑफिसचं काम घरूनच करत होते. फेसबुकवर शोधताना मला जुनी दुखणी असलेल्या लोकांचा एक मराठी ग्रुप सापडला. त्यात नांदेडच्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं होतं की शाळेत उभं राहून पाठ दुखायची, ते लोकांना पटायचं. आता बसून जास्त दुखते तर घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. मी ते अप्पांना वाचून दाखवलं.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

"त्यांना लिही, माझंबी तसंच हाय म्हणावं. उभं राहायची सवय सुटली अन् अंग आखडलं."

तिथून पुढं दुपारची जेवणं झाली की आमचं तेच सुरू व्हायचं. अप्पा सांगायचे, मी टाइप करायचे. मास्तर उत्तर द्यायचे, लातूरच्या एक बाई मध्येच चौकशी करायच्या. त्या बाईंनीच लिहिलं की भीतीनं आणि झोप न लागल्यानंही दुखणं वाढतं, घरातल्या घरात थोडं थोडं चालत राहा. अप्पा हॉलमधून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारायला लागले. दुकान उघडेल का, आपल्याला परत बोलावतील का, ही धास्तीही त्यांनी त्या लोकांनाच सांगितली. आम्हाला नाही.

एका दुपारी ते सांगत होते, "लिही. पोरगी लहान होती तवा तिला उचलून घ्यायची भीती वाटायची. उचललं अन् कळ आली तर हातातून सुटंल."

माझी बोटं थांबली. अप्पांना मुलांचे लाड आवडत नाहीत, असंच मी आजवर धरून चालले होते.

"नेट गेलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, चालू आहे," मी म्हणाले आणि वाक्य पूर्ण केलं. ती पोरगी शेजारीच बसली आहे, हे आम्हा दोघांपैकी कुणीच बोललं नाही. तेव्हा फोन बाजूला ठेवायला हवा होता, असं आता फार वाटतं.

दुसऱ्या लाटेत ग्रुपवर दुखण्याचं बोलणं मागं पडलं. कुणाला बेड हवा, कुणाला ऑक्सिजन. मास्तरांचं लिहिणं थांबलं. मग दुकानं उघडली, अप्पा कामावर गेले आणि आमच्या दुपारी संपल्या. ग्रुपवर तेलाच्या आणि कंबरेच्या पट्ट्यांच्या जाहिराती वाढल्या, तशी मी बाहेर पडले.

बऱ्याच महिन्यांनी जेवताना अप्पांनी विचारलं, "ते नांदेडचे मास्तर बरे हायेत का?"

मी शोधलं. ग्रुप नव्हता, मास्तरांचं खातंही सापडेना.

"नंबर घ्यायला पाहिजे होता आपण," अप्पा एवढंच म्हणाले आणि ताटात पाणी सोडून उठले.

आता त्यांनी दुकान सोडलंय. मागच्या महिन्यात मी त्यांना फिजिओथेरपीला नेलं. तिथल्या मॅडमनी विचारलं, "काका, कितपत दुखतं?"

"थोडं थोडं."

"थोडं नाही, अप्पा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं, लई दुखतं," ते म्हणाले. त्यापुढं काही सांगतील म्हणून मी वाट पाहिली. ते पायातली चप्पल काढून पलंगावर पालथे झोपले.