चाळीस पावलं डावीकडे

पुण्याजवळ नांद्यात राहायला आल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, मी रविवारी डोंगरात जातो. बायकोचा गुडघा बरा असेल तर दोघं, नाहीतर एकटाच. खिशात वही असते. कुठे वळलो, चढ किती, वेळ किती लागला, हे लिहून ठेवल्याशिवाय चालून आल्यासारखं वाटत नाही. "तुम्ही डोंगर बघायला येता की मोजायला?" असं बायकोने विचारून झालं आहे. मी दोन्ही म्हणालो.

ताम्हिणीच्या अलीकडे एका सोंडेवरून वर जाणारी वाट मला अशीच सापडली. वर चार घरांची वाडी आहे, तिच्यापुढे कडा आणि खाली कोकण. एकूण तीन किलोमीटर सातशे मीटर, माझ्या चालीने एक तास पन्नास मिनिटं. वाडीच्या जरा अलीकडे, वाटेपासून चाळीस पावलं डावीकडे, कातळात घंगाळाएवढा खळगा आहे आणि त्यात बारीक झरा झिरपतो. पहिल्यांदा गेलो ते एप्रिलमध्ये. वाडीतल्या एक मावशी तांब्याने हंडा भरत होत्या. त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग कुठून आलात ते विचारलं.

"आटत नाही का मावशी?"

"न्हाई आटत. पर दमानं घ्यावं लागतं. चार घरं ह्याच्यावरच हायेत."

एक हंडा उपसला की खळगा पुन्हा काठाला यायला पस्तीस मिनिटं लागतात. मी तिथे बसून मोजली.

घरी आल्यावर मी ती वाट चालणाऱ्यांच्या एका अ‍ॅपवर टाकली. वाट अचूक होती. खाली टीप लिहिली: "पाणी बारमाही, गोड. चाळीस पावलं डावीकडे." लोक तहानेने उन्हात चक्कर येऊन पडतात, त्यांना उपयोग होईल, एवढाच विचार होता. पस्तीस मिनिटं वहीत होती. ती टिपेत लिहायचं मला सुचलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा झऱ्यावर एकतीस माणसं होती. जो तो दोन बाटल्या भरत होता. कोणी पाय सोडून बसलं होतं, कोणी डब्याला साबण लावत होतं. माणशी दोन लिटर धरले तर बासष्ट लिटर, म्हणजे चार हंडे, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. मावशी रिकामा हंडा घेऊन बाजूला उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बघा भाऊ, आमच्याकडं जत्रा भरली. देव तेवढा आणायचा ऱ्हायलाय."

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. टीप वाचूनही दाखवली.

त्यांनी हंडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुमीच लिवलं ना? मग पुसा की."

त्याच संध्याकाळी पुसलं. उपयोग झाला नाही. तोवर बऱ्याच जणांनी वाट उतरवून घेतली होती आणि आपापल्या नावाने पुन्हा टाकली होती. एकाने झऱ्याचा व्हिडिओ केला होता. तीन जणांना नोंद काढा म्हणून कळवलं, त्यांतल्या एकाने हात जोडल्याची खूण पाठवली. शेवटी मी एका नोंदीखाली लिहिलं, "झरा आटला आहे." वाटेच्या नोंदीत मी लिहिलेलं हे पहिलं खोटं. दुसऱ्या दिवशी त्याखाली कोणीतरी काठोकाठ भरलेल्या खळग्याचा फोटो लावला: "चुकीची माहिती. भरपूर पाणी आहे."

मग मी आणि बायको रविवारी झऱ्यापाशीच जाऊन बसायला लागलो. येणाऱ्याला सांगायचं, हे वाडीचं पिण्याचं पाणी आहे, घोटभर प्या, भरून नेऊ नका. काही जण ऐकत. मेच्या पहिल्या रविवारी पंधरा-वीस जणांचा घोळका आला. त्यांच्या म्होरक्याने फोन माझ्यासमोर धरला.

"काका, इथे स्पष्ट लिहिलंय, बारमाही."

"ते मीच लिहिलंय."

"काय सांगता!" त्याने मागे वळून सगळ्यांना हाका मारल्या. "अरे, ही वाट काकांनी काढलीये! काका, मानलं तुम्हाला. एका पावलाचाही फरक नाही."

त्यांना माझ्याबरोबर फोटो हवा होता. मी नको म्हणालो. बायको खळग्याच्या काठावर हात आडवा करून उभी राहिली, तर त्यांनी दुसऱ्या बाजूने बाटल्या बुडवल्या. ते गेले तेव्हा खळग्यात चार बोटं गढूळ पाणी होतं.

मावशी आणि त्यांची सून चार हंडे घेऊन आल्या. मावशींनी वाकून पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, "चल, तिकडं जाऊ."

तिकडे म्हणजे दुसरं पाणी, हे मला कळलं. मी दोन हंडे उचलले. "मी येतो मावशी. कुठे आहे, लांब आहे का?"

त्यांनी हंडे माझ्या हातातून काढून घेतले. आवाज चढला नव्हता.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमी हितंच बसा. तुमाला दावलं की तुमी मोजणार."

दोघी करवंदीच्या जाळीमागे उतरल्या. कुठल्या बाजूला वळल्या ते दिसू नये म्हणून मी झऱ्याकडे तोंड करून बसलो. त्या परत आल्या तेव्हा उन्हं कलली होती. किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही.