दहापैकी शून्य

सकाळी साडेनऊला कमलाबाईंचा फोन आला. माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे, त्या झाडूपोछा आणि स्वयंपाक करायच्या. "जीजी, साब उठ नहीं रहे। कुर्सी पे बैठे हैं, पर उठ नहीं रहे।" मी विचारलं, "टीव्ही चालू आहे का?" हो, असंच विचारलं, आणि तेही मराठीत. बाई गोंधळल्या. "चालू है जीजी, गाना बज रहा है।" गाणं म्हणजे टीव्हीवरच्या व्हिडिओ गेमच्या सुरुवातीला वाजतं ते. मी ओळखलं, गेला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस मांडीवर रिमोट ठेवून गेला. भेटायला आलेले म्हणाले, काय भाग्याचं मरण! मला संताप आला. आठ दिवस मी त्याचा फोन उचलला नव्हता, आणि भांडण अर्धं टाकून हा चालता झाला... आता दीड महिना होतोय, राग उतरलेला नाही.

आम्ही उज्जैनचे मराठी. आमच्या घरात कॅरम बोर्ड हेच कोर्ट होतं. खिडकीजवळ कुणी झोपायचं, पाणी कुणी भरायचं, सगळे निकाल अण्णा, म्हणजे आमचे वडील, बोर्डावर लावायचे. स्वतः सरकारी कचेरीत कारकून. बोर्डाने जे ठरवलं त्यावर अपील नाही, असा त्यांचा कायदा. देश स्वतंत्र झाला, ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्य भारत आला, आणि आम्ही त्या नावाला सरावतोय तोवर तोही मोडून नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळ. अण्णांची बदली तिकडे झाली. आई आधीच वारलेली. भोपाळला एका खोलीचं बिऱ्हाड मिळणार होतं, त्यामुळे अण्णा एकच मूल नेणार होते. दुसरं राहणार आत्याकडे, राम घाटाजवळच्या गल्लीत. क्रियाकर्माला आलेल्या यात्रेकरूंना ती जेवण करून घालायची. मी अकरा वर्षांची, दादा तेरा. भोपाळ म्हणजे शाळा आणि आत्या म्हणजे पोळपाट, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. अण्णा म्हणाले, "बोर्ड मांडा."

मी जिंकत होते हो! राणी माझ्याकडे, माझी एकच सोंगटी उरलेली आणि दादाच्या दोन. तेवढ्यात दारात कचेरीचा शिपाई आला, "बाबूजी, कागज है।" अण्णा उठले, मी मान वळवली. मागे खट् झालं. बघते तर दादाची एक सोंगटी गायब, आणि त्याचं कोपर बोर्डाच्या काठावरून मागे सरकत होतं. मी किंचाळले. दादा शांतपणे म्हणाला, "मघाशीच घेतली ना ती." अण्णा म्हणाले, "सुमे, हरायला लागलीस की रडतेस." डोळे पुसत मी स्ट्रायकर मारला, नेम चुकला. पुढच्या फटक्यात दादा भोपाळला गेला.

तो इंजिनियर झाला. मी सातवीपर्यंत शिकले आणि अठराव्या वर्षी लग्न होईतो अनोळखी लोकांच्या दहाव्या-तेराव्याच्या पोळ्या लाटल्या. लग्नानंतर वाचनालयातून पुस्तकं आणून वाचत राहिले, म्हणून आज निदान हे लिहिता येतंय. यजमानांचं देवास गेटला सायकलचं दुकान होतं. माणूस चांगला होता, पण त्या माणसाला आणि त्या दुकानाला मला कुणी विचारून दिलं नव्हतं.

वहिनी गेल्यावर दादा उज्जैनला परतला आणि फ्रीगंजात फ्लॅट घेऊन राहिला. बापाचा वेळ जावा म्हणून मुलाने पुण्याहून आपला जुना गेमचा कन्सोल पाठवला. मी त्याला डबा म्हणायचे; तो टीव्हीला जोडायचा आणि दोघांनी दोन रिमोट घेऊन खेळायचं. रोज दुपारी तीनला मी हजर. कशासाठी? मला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. सुमे, मी कोपर लावलं होतं. बस, एवढंच. बाकीचं आयुष्य परत दे असं मी कधीच म्हटलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, खेळायलाही जायचे. त्या डब्यात मजा होती.

दादा रिमोट धरण्याआधी बोटांना कॅरमची बोरिक पावडर चोळायचा. सगळ्या बटणांच्या फटी पांढऱ्या करून ठेवल्या होत्या. गेम खेळून झाला की एका वहीत अभिप्राय लिहायचा, खाली गुण द्यायचा, आणि मला मोठ्याने वाचून दाखवायचा. मोटारींची शर्यत: 'रस्ते देखणे, पण गाडी भिंतीवर आपटली तरी चालकाला खरचटत नाही. दहापैकी चार.' शेतीचा गेम: 'पाऊस अगदी वेळेवर येतो. करणाऱ्याने शेत बघितलेलं नाही. तीन.' घोड्यावरून बर्फाच्या डोंगरात हिंडायचा एक होता, तो आम्हा दोघांचा लाडका. कुणाला न मारता नुसतं हिंडत राहायचं. त्याला नऊ दिले आणि खाली लिहिलं, 'सुमी घोडा दरीत घालते. सुमीला एक.' माझा घोडा पडला की म्हणायचा, "तुझा हात लाटण्यालाच बरा." मी म्हणायचे, "आणि तुझं कोपर रे?" तो हसायचा. "पुरावा आहे का?"

मीही काही साधी नाही. शेवटच्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले, तेव्हा मी मुद्दाम घाईचे गेम लावायचे. त्याच्या मोटारी धडाधड आपटायच्या आणि मला बरं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

मग त्याला डब्यात कॅरम सापडला. हुबेहूब बोर्ड, तशाच सोंगट्या, आवाजही तोच. दोघांनी रिमोट उचलले. खेळलो आणि मी जिंकले... सरळ, स्वच्छ. ताडकन उठून उभी राहिले मी, ऐंशीव्या वर्षी. मी म्हटलं, "दादा, आता तरी बोल. त्या दिवशी कोपर लावलंस ना?" तो टीव्हीकडे बघत म्हणाला, "या खेळात दम नाही." मी रिमोट सोफ्यावर आपटला. "बोलशील तेव्हाच येईन, नाही तर तुझ्या तेराव्याच्या पोळ्या लाटायला येईन." पायऱ्या उतरताना ऐकू आलं, "जा जा, उद्या येशीलच की." मी गेले नाही. रोज दुपारी तीनला फोन वाजायचा. मी समोर बसून तो वाजू द्यायचे.

तेराव्याला पोळ्या खरंच लाटल्या, कुणालाही हात लावू दिला नाही. नंतर भाच्याने विचारलं, "आत्या, बाबांचं काही हवंय?" मी डबा आणि वही मागितली. त्याला वाटलं, म्हातारी भ्रमिष्ट झाली.

घरी येऊन वही उघडली. भांडणाच्या दिवशीच्या पानावर, हललेल्या अक्षरात: 'कॅरम. यंत्र एकेक सोंगटी मोजतं. इथे कोपर चालत नाही. शून्य.'

मी ते वाक्य कितीदा वाचलं देव जाणे. अरे मेल्या, हे तोंडाने म्हणायला काय झालं होतं? जन्मभर ज्याची वाट पाहिली ते मला मिळालं, पण खेळाची तक्रार म्हणून! पुढच्या पानांवर रोज एकच मजकूर: 'दोन्ही रिमोट घेतले. सुमीच्या बाजूनेही मीच खेळलो. सुमी हरली.' असं सात वेळा. आठव्या दिवशी फक्त 'दोन्ही रिमोट घेतले' एवढंच आहे. फोन उचलला असता तर... उचलला नाही. त्याला माफही केलं नाही, आणि तीन वाजले की जीव तुटतो. दोन्ही खरं आहे.

डबा आता माझ्याकडे आहे. दुपारी मीही दोन्ही रिमोट घेते. त्याच्या रिमोटवरची पावडर मी पुसलेली नाही, बोटांना लागते. त्याच्या बाजूने मुद्दाम वाईट खेळायचं असं ठरवलं होतं, पण ते काही जमत नाही. काल त्याची एक सोंगटी उरली आणि माझ्या दोन. पाळी माझी होती. काय झालं कोण जाणे, माझं कोपर आपोआप उचललं गेलं आणि टीव्हीसमोरच्या टेबलावर आपटलं. दुखलं. पडद्यावर काही हललं नाही.

मी नेम चुकले. मग त्याचा रिमोट घेतला, नीट नेम धरला आणि त्याची सोंगटी घातली. वहीत तारखेखाली लिहिलं, 'दादा जिंकला. शून्य.'