त्रेंदाफिलाचे मुखवटे

नवरा गेल्यापासून त्रेंदाफिला गावच्या बंद पडलेल्या शाळेतलं मुखवट्यांचं संग्रहालय एकटीच सांभाळायची. शिंगांचे, पिसांचे, लाकडी दातांचे मुखवटे, बोकडाच्या कातड्याचे अंगरखे, सगळं गावानंच दिलेलं. सर्वांत मोठा मुखवटा नवऱ्याच्या हातचा. त्याला कुणी बोट लावलेलं तिला खपत नसे.

जानेवारीत इडापिडा हाकलायला सोंगं घरोघर नाचत निघतात त्या सकाळी तिचा दीर वेल्को दारात आला. सोंगांचा म्होरक्या तोच. अंगावर कातडं, कमरेला घंटा.

"वहिनी, दादाचा मुखवटा दे. आजच्या दिवस नाचू दे त्याला."

"तो भिंतीवरच राहणार."

"भिंत काय नाचणार आहे?"

"आणि तुम्ही राकिया ढोसून तो चिखलात पाडलात म्हणजे? गेल्या वर्षी स्वतःचं शिंग मोडून आलात, भावजी."

वेल्को घंटा खणखणवत निघून गेला.

पाहुणे येणार म्हणून तिनं लोखंडी शेगडी पेटवली. धुराड्यात कावळ्यांनी काटक्या भरून ठेवल्या होत्या, ते तिला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं वर तडतडलं. तिनं मान वर केली, तर छताच्या फळ्यांतून धूर झिरपत होता.

तिची हाक ऐकून पटांगणातली सोंगं धावली आणि दारापाशीच थबकली. अंगावर वाळलेली कातडी, डोक्यावर पिसं. एक ठिणगी पडली असती तरी माणूस मशालीसारखा पेटला असता. घंटांचे पट्टे एकट्याला सुटत नाहीत. जो तो दुसऱ्याची गाठ ओढत होता, पण गारठलेली बोटं वळत नव्हती.

"बाहेर ये, वहिनी," वेल्को ओरडत होता.

खिडकी उघडली. पहिला मुखवटा बाहेर आला, मग दुसरा. "झेला," एवढंच ती म्हणत होती. नवऱ्याचा मुखवटा समोरच्या भिंतीवर, जळत्या फळ्यांच्या पलीकडे. ती दोन पावलं तिकडे गेली. वरून एक फळी कोसळली. ती वळली आणि हाताशी असलेले गावाचे मुखवटे फेकत राहिली. खोकून खोकून तिचा श्वास कोंडला तेव्हा नुसत्या सदऱ्यातला वेल्को खिडकीतून आत आला.

"तो राहिला," ती म्हणाली.

"राहू दे," म्हणत त्यानं तिला ओढून बाहेर काढलं. पेर्निक शहरातून बंब येईपर्यंत छत खाली आलं होतं.

ती बर्फात बसली. केस करपलेले, तळवे फोडांनी भरलेले.

"सकाळी तुम्हाला दिला असता तर वाचला असता, भावजी."

वेल्कोनं तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली. "तळवे बर्फात ठेव आधी."

लोक तिच्याकडे बघत घुटमळत होते. तिनंच सांगितलं, "वाचलेत ते चढवा. घराघरांत लोक वाट बघतायत."

शाळा अजून उभी राहिलेली नाही. मुखवटे गावात ज्याच्या त्याच्या घरी टांगलेले आहेत. त्रेंदाफिला दर आठवड्याला फेरी मारते, कसर लागलीय का बघते, ब्रश फिरवते. परवा एका घरी मुखवट्याच्या शिंगाला ओले मोजे वाळत घातलेले दिसले. तिनं घरच्या सुनेला चांगलं फैलावर घेतलं आणि मग त्याच सुनेनं पुढे केलेली कॉफी पीत बराच वेळ तिथंच बसली.