सारवलेल्या भुईवरची गिटार

गिटारचा सूर फाडून खरखरीत करणारी एक डबी मी घरी बनवली होती. मोडक्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर, पत्र्याची साबणदाणी आणि पायानं दाबायचं बटण. आमच्या काष्टी गावात असली वस्तू दुसऱ्या कुणाकडे नव्हती, म्हणून मी भलताच हवेत होतो. खोड एकच: वीज चालू केली की डबी सारखी घूंऽऽ करायची. आमच्या बँडचे मास्तर म्हणाले, "जत्रंत ही घूं घूं ऐकू आली, तर गिटार ठिऊन द्यायची अन् खुळखुळा वाजवायचा."

खुळखुळा! मी महिनाभर वायरी बदलल्या, जोडांना पुन्हा पुन्हा कथलाचे डाग दिले. डबी गप्प बसायची ती फक्त शनिवारी. मी शोध लावला की शनिवारी सगळे बाजारात, विहिरींवरच्या मोटारी बंद, म्हणून वीज स्वच्छ येते. लग्नाला चार महिने झालेली माझी बायको शेणानं भरलेल्या हातांनी म्हणाली, "शनवारी मी सारवते. तुमी अनवाणी वल्या भुईवर बसता, म्हनून गप ऱ्हातंय ते." मी पोट धरून हसलो.

जत्रा नेमकी शनिवारीच आली. मी बिनघोर! दोन बैलगाड्या जोडून स्टेज केलं होतं. कुस्त्यांच्या आधी आमचा कार्यक्रम. बटण दाबलं आणि घूंऽऽ! फडातले पैलवानसुद्धा वळून बघायला लागले. मास्तरांनी खुळखुळा पुढं केला. मला रडू यायचं बाकी होतं.

"अवं, चपला काढा अन् खाली या!"

बायको होती. अख्ख्या गावासमोर, सासू-सासऱ्यांसमोर ओरडली. पाणपोईवरची घागर उचलून तिनं गाडीच्या चाकापाशी रिकामी केली. मी चपला भिरकावल्या आणि गिटार, डबी घेऊन त्या चिखलात उडी मारली. तारांवर हात ठेवला. घूं गेली! साफ गेली! मग काय, बँड वर आणि मी खाली, घोट्यापर्यंत चिखलात, पायाच्या चिखलमाखल्या अंगठ्यानं बटण दाबतोय आणि वेड्यासारखा हसतोय. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

शेवटी मास्तर गाडीवरून वाकले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वहिनी, फुडल्या कार्यक्रमाला याल ना?"

तिनं पदर सावरला. "येते की. घागर तेवढी भरून ठिवा."