कौसाकाकूंची बैठक

बैठक सुरू व्हायच्या आधी कौसाकाकू उंबऱ्यात उभ्या राहून आत बसलेल्यांवरून नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "कोण न्हाय आलं?" मगच बसायच्या. भूमजवळच्या त्या गावात त्यांची खव्याची भट्टी होती. नवरा गेल्यावर याच भट्टीवर त्यांनी एकुलत्या बाळूला वाढवलं.

पुण्याच्या एका व्यापाऱ्याला झाडांवर कुऱ्हाड न घालता केलेला खवा हवा होता. त्यासाठीचे नियम गावानंच ठरवावेत म्हणून आमच्या संस्थेनं मला तिथं पाठवलं. भट्टीवाले आले, दूधवाले आले, सरपंच आले. सरपण पूर्ण बंद, भट्ट्या गॅसवर, असं जवळजवळ ठरलंही. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा जरा. मोळ्या आणणाऱ्या बाया कुठं हायत?"

"त्यांचं काय काम हितं?" बाळू म्हणाला.

"घास त्यांच्या तोंडचा जाणार हाय. इचारायचं तरी."

त्या स्वतः वस्तीवर गेल्या आणि मोळ्या आणणाऱ्या रुक्मिणीला घेऊन आल्या. ती दाराशीच टेकली, तर काकूंनी तिला हाताला धरून सतरंजीवर आपल्याशेजारी बसवलं. रुक्मीण खाली बघत म्हणाली, "लिंबाला, आंब्याला आमी बी हात लावत न्हाय. येडी बाभळ तोडली तर काय बिघडतं? रानात लई माजलीय ती."

वाद पेटला. बैठका लांबत गेल्या, दिवाळीचा माल हुकला. बाळूनं आईशी बोलणं टाकलं. त्या दिवसांत मी त्यांच्या घरी गेले, तर भाकरी थापता थापता काकू म्हणाल्या, "लेक रुसला की जेवण ग्वाड लागत न्हाय बघा. पर रुक्मिणीला इचारलंच नसतं, तर पाणी बी गिळलं नसतं."

अखेर ठरलं: वेडी बाभूळ चालेल, दुसरं झाड नाही. गॅसवर ज्यानं त्यानं जमेल तसं जावं. आणि नियम बदलायचा झाला, तर मोळीवाल्या बायांना बोलावल्याशिवाय नाही. व्यापाऱ्यानंही कुरकुरत मान्य केलं.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. मी पोचले तेव्हा घर सुतकात होतं. बाळू भिंतीला टेकून बसला होता. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. रुक्मीण वस्तीवरून पिठलं-भाकरी घेऊन आली, त्याच्यासमोर ताटली ठेवून तिथंच बसली.

"खावा दादा," ती म्हणाली. "तुमी उपाशी ऱ्हायलेलं त्यास्नी खपत नव्हतं."

बाळूनं भाकरीचा तुकडा मोडला.